बँकॉक, केरळपेक्षा स्वस्त

बिरवाडीचे मोरेदादा पासपोर्ट परत मागायला आले, तेव्हा मी त्यांच्यासाठी चहा सांगून बसले होते. मला वाटलं, बाकीचे पैसे भरायला आलेत.

महाडला एसटी स्टँडसमोर माझं ट्रॅव्हल ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक गाळा, फोन आणि विमानाचं कॅलेंडर. तोवर मी अष्टविनायक, शिर्डी, फार तर केरळ विकत होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी थायलंडचं चलन घसरलं आणि तिथली हॉटेलं आपल्याला स्वस्त झाली. मुंबईच्या होलसेलरने, म्हणजे आम्हा छोट्या एजंटांना टूर विकणाऱ्या मोठ्या एजंटाने, बँकॉकचा जो रेट दिला तो विमानाने केरळला जाण्यापेक्षा कमी होता. मी अर्थशास्त्रात एम.ए. किंमत उतरली की मागणी चढते, हे मी नवऱ्याला जेवताना ताटातल्या भातावर रेघ ओढून समजावलं. तो म्हणाला, गाळा झेरॉक्सवाल्याला भाड्याने दे.

मी ऐकते कसली! पंधरा सीट ब्लॉक केल्या. ब्लॉक करणं म्हणजे डिपॉझिट भरून जागा अडवणं. ग्रुप भरला नाही तर डिपॉझिट बुडतं, आणि माझं बुडालं असतं तर झेरॉक्सवाला दुसऱ्याच दिवशी मशीन घेऊन आला असता. मोरेदादा धरून दहा जणांनी लगेच नावं दिली. उरलेल्या पाचांसाठी मी दारावर मोठा बोर्ड रंगवून घेतला, 'बँकॉक, केरळपेक्षा स्वस्त'. खाली रेट, लाल रंगात. रस्त्यापलीकडे उभं राहून तो मी स्वतःच कौतुकाने वाचला.

त्याच आठवड्यात नावं गळायला लागली. कुणाच्या सासूला बरं नव्हतं, कुणाच्या मुलीची परीक्षा निघाली. मोरेदादांनी मात्र खरं सांगितलं. ते एमआयडीसीतल्या लोकांना खोल्या भाड्याने देत.

"वहिनी, मी परदेशी जाणार म्हणून गाव नाक्यावर शुभेच्छांचा बोर्ड लावणार हाय. आणि काल माझा भाडेकरू म्हणतो, दादा, एवढ्या पैशात तर मी पण येतो. मग मी कशाला जाऊ?"

"पण दादा, पैसे तुमचेच वाचतायत."

"वाचू देत की. सगळ्या महाडला कशाला सांगितलंत?"

मला इतकं ओशाळायला झालं की त्यांचा चहा मीच पिऊन टाकला. पेंटरला पुन्हा बोलावलं. नवा बोर्ड, 'परदेश दौरा. चौकशी आत.' रेट तोच, फक्त आता मी तो दार लोटून हळू आवाजात सांगायला लागले. नाक्यावरच्या शुभेच्छा आमच्यातर्फे फुकट.

गळालेली नावं परत आली, सीट भरल्या. शेवटची त्या भाडेकरूनेच घेतली. मोरेदादांची अट एकच, नाक्यावरच्या बोर्डावर त्याचं नाव सगळ्यात खाली.

स्वस्ताई आत सांगायची आणि महागाई बाहेर, हे एम.ए.ला नव्हतं. पुढच्या वर्षी रेट चढला, मी तो भीत भीत सांगितला. मोरेदादांनी घासाघीस न करता दोन्ही मुलांची नावं दिली. मग जाताना सताड दार उघडून, बाहेर रिक्षावाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "किती म्हणालात, वहिनी?"