मुद्देमाल सर

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भाऊजींनी, जन्मभर एकच काम केलं. दहा-बारा ओळींचा उतारा मुलांपुढे ठेवायचा आणि विचारायचं, "यातला मुख्य मुद्दा कोणता?" उतारे गोष्टीचे नसत. मधमाशा, मिठाचे खडे, पुलाचे खांब, दात का किडतात, असली खरीखुरी माहिती. शाळेत तेच, संध्याकाळी घरच्या पुढच्या खोलीत शिकवणीला तेच, आणि सुट्टीच्या दिवशी एका प्रकाशकासाठी सरावाची पुस्तकं लिहायची, त्यातही तेच. मुलांनी त्यांचं नाव 'मुद्देमाल' पाडलं होतं. त्यांना ते माहीत होतं. "अजून पोलिसांनी जप्त केलेला नाही," असं म्हणून स्वतःच हसायचे.

मी पंखे आणि मोटरी दुरुस्त करणारा माणूस. एका ओळीसाठी दहा ओळी लिहायच्या आणि मग मुलांना ती एक ओळ शोधायला लावायची, हा उद्योग मला रिकामटेकडा वाटायचा. तसं मी एकदा तोंडावर बोललोही. भाऊजी चिडले नाहीत. म्हणाले, "अरे, मोटर जळाली हे गिऱ्हाईक तुला एका वाक्यात कधी सांगतं का? आधी पाहुणे आले, मग वीज गेली, मग सासूबाई ओरडल्या. त्यातून जळलेली तार तूच शोधतोस ना? मग झालं तर."

प्रश्नाखालच्या चार पर्यायांना त्यांनी नावं ठेवली होती: फुगलेला, आखडलेला, उपरा आणि खरा. दात किडण्याच्या उताऱ्याला 'आरोग्य फार महत्त्वाचं असतं' हा फुगलेला, कारण तो कुठेही खपतो. 'झोपताना दात घासावेत' हा आखडलेला, एका ओळीपुरता. उपरा म्हणजे उताऱ्यात नसलेलाच, पण दिसायला रुबाबदार. "पोरं हटकून त्यालाच भुलतात," भाऊजी म्हणायचे. त्यावर आतून ताईचा आवाज यायचा, "माझे बाबासुद्धा त्यालाच भुलले!"

ताईचं बोलणं म्हणजे नवऱ्याच्या धंद्यावर पाणी. भाजी महाग झाली एवढं सांगायचं असलं तरी ती दाराला कुलूप लावल्यापासून सुरुवात करायची. भाऊजी वैतागून विचारायचे, "मुद्दा काय?" ती म्हणायची, "मुद्दा असता तर चिठ्ठी लिहून ठेवली असती. मी बोलतेय." दोघांचं असं सतत चालायचं, आणि एकमेकांवाचून पान हलायचं नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी प्रकाशकाकडच्या संपादक बाईंनी उतारे परत पाठवले. वाक्यं नेहमीसारखी घोटीव होती. पण एक उतारा बर्फापासून निघून चपलांच्या दुकानात पोचला होता आणि तिथून टपालपेटीपाशी जाऊन थांबला होता. बाईंनी भीत भीत फोन केला, "सर, यात मुद्दा सापडत नाहीये." भाऊजींना केवढा अपमान वाटला! आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत. आम्हीही वयाचा हेका म्हणून हसण्यावारी नेलं.

पुढे डॉक्टरांनी त्यांच्यापुढे एक छोटा उतारा ठेवला, विहिरीच्या पाण्याबद्दलचा. भाऊजींनी तो सुरेख वाचला. मग विहिरीची खोली सांगितली, दोराचा रंग सांगितला, एका ठिकाणी स्वल्पविराम राहिलाय तेही दाखवलं. "पण उतारा कशाबद्दल आहे?" यावर त्यांनी उतारा पुन्हा वरून खाली वाचला आणि म्हणाले, "दोराबद्दल." ताईने पदर तोंडाला लावला. डॉक्टर बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, "मणी सगळे आहेत. ओवणारा दोरा तुटत चाललाय, आणि तो जोडता येत नाही." मला मणी-दोरे नको होते. बरं होईल एवढं ऐकायचं होतं, आणि ते कोणी म्हणालं नाही.

तरी ताई होती तोवर घर चाललं. बोलत बोलत ती त्यांना सगळं जोडून द्यायची. हे ऊन, म्हणून ही छत्री, म्हणून आता आपण निघायचं. मग तिलाच न्यूमोनिया झाला आणि आठवड्याच्या आत ती गेली. भाऊजी शेवटपर्यंत उशाशी होते. स्मशानातही होते.

घरी आल्यावर त्यांनी मला सगळा दिवस सांगितला. दवाखान्याची लिफ्ट बंद होती. नर्सबाईंचे बूट करकर वाजत होते. चादरीच्या कोपऱ्यावर धोब्याचा शिक्का होता. गाडीचा मागचा दिवा फुटलेला होता. तुझ्या डोळ्यांत धूर गेला होता. एकही गोष्ट चुकीची नव्हती. मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "तुझी ताई अजून कशी आली नाही?"

त्या दिवसापासून ते जेवेनात. ताई बसल्याशिवाय त्यांनी घास घेतल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि आता ती बसणार नव्हती. त्यांच्या लेकीने, माझ्या भाचीने, ताट पुढे केलं की ते सभ्यपणे बाजूला सरकवायचे. "येऊ दे तिला." चहात बुडवलेली बिस्किटं, कधी दोन घोट दूध, एवढ्यावर माणूस किती दिवस काढणार? सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झाली. दोनदा दार उघडून दवाखान्याच्या रस्त्याला लागले. दुसऱ्यांदा सापडले तेव्हा पायात एकच चप्पल होती.

भाचीने बिनपगारी रजा घेतली. ती बापाला समोर बसवून सांगायची, "बाबा, आई गेली." ते विचारायचे, "कुठे?" ती म्हणायची, "वारली, बाबा." ते म्हणायचे, "कोण, शेजारच्या आजी?" जेवताना, अंघोळीआधी, फोटोसमोर उभं करून, किती वेळा सांगितलं असेल! प्रत्येक वेळी तिलाच पुन्हा आई गमवावी लागायची. मी मोटरीवाला, तुटलेलं दिसलं की हात शिवशिवतात. इथे हाताला काम नव्हतं. खरं सांगतो, त्या घराची घंटा वाजवायची मला भीती वाटायची.

डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि मग घरी ठेवणं जमायचं नाही. भाचीने एकच धरून ठेवलं, "मामा, त्यांना एकदा कळू दे. रडतील, कोलमडतील, पण मग वाट बघणं थांबेल. जेवतील."

एका सकाळी मी गेलो तर ती जेवणाच्या टेबलावर लिहीत बसली होती. आठ ओळींचा उतारा, खाली चार पर्याय, थेट बापाच्या पद्धतीचा. मुद्दा पहिल्याच वाक्यात ठेवलेला, कच्च्या मुलांसाठी ठेवायचे तसा. वाचून माझं डोकं फिरलं.

"बापाची परीक्षा घेतेस? लाज नाही वाटत?"

"मग दुसरं कसं सांगू त्यांना?" ती ओरडली. "तुम्ही सांगा ना, मामा. आहे काही तुमच्याकडे?"

मी खुर्ची ओढून बसलो.

तिने कागद आणि पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली. कागद बघताच भाऊजींची पाठ सरळ झाली, चष्मा वर सरकला. कित्येक दिवसांत मी तो माणूस पाहिला नव्हता. ते मोठ्याने वाचू लागले, वर्गात वाचायचे तसे, प्रत्येक पूर्णविरामाला थांबत.

"आमची आई आता या जगात नाही. तिला न्यूमोनिया झाला होता. दवाखान्याची लिफ्ट बंद असल्याने आम्ही जिन्याने ये-जा केली. डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले. बाबा तिच्या उशाशी बसून होते. तिला निरोप द्यायला सगळे आले. ती परत येणार नाही. बाबांनी आता जेवावं, असं मला वाटतं."

खाली पर्याय होते. आजारपण वाईट असतं. लिफ्ट बंद होती. लेकीने घर बदललं. आई गेली आहे.

भाऊजींनी पहिल्यावर पेन्सिल टेकवली आणि पुटपुटले, "फुगलेला." दुसऱ्यावर, "आखडलेला." तिसऱ्यावर नुसतेच हसले. चौथ्यावर ठसठशीत खूण केली.

"आई गेली आहे," ते म्हणाले. "हाच मुद्दा. बरोबर?"

"बरोबर, बाबा." भाचीने त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. ती हुंदके देऊन रडत होती. माझाही धीर सुटला. जमलं, असं मला वाटलं. देवाशप्पथ वाटलं. आता हा माणूस रडेल, आणि मग आम्ही याला दोन घास भरवू.

भाऊजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, रडतेस काय? उतारा चांगला साधलाय. फक्त तिसरा पर्याय जरा सोपा पडला." मग कागद हातात घेऊन ते कौतुकाने स्वयंपाकघराकडे वळले.

"अगं, ऐकलंस का? जरा बाहेर ये. बघ, पोरीने काय छान लिहिलंय."

आतून काही आवाज आला नाही. ते कागद उंच धरून थांबून राहिले. भाचीने ताट पुढे सरकवलं. ते त्यांनी हलकेच बाजूला केलं.

"थांब गं जरा," ते म्हणाले, "ती येतेच आहे."