दहाव्याच्या गर्दीचा ठराव

चांगुणाबाईंनी कॅमेरा हौसेनं घेतला नाही, सूड घ्यायला घेतला. आधीच सांगितलेलं बरं.

कोपरगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावात शाळेमागचं मैदान सरपंच काकासाहेबांना मंगल कार्यालयासाठी पाहिजे होतं. चांगुणाबाईंचा नवरा वाल्मिक दोन वर्षं त्याला आडवा येत होता. प्रत्येक ग्रामसभेत उठायचा आणि म्हणायचा, "शंभर माणूस दाखवा, मग ठराव घ्या." ग्रामसभेला शंभर माणसं लागतात, ती कधी जमली नाहीत. सप्टेंबरात वाल्मिक गेला. ग्रामसभा भरायची त्याच मारुतीच्या सभामंडपात दहाव्याचं प्रवचन झालं, तेव्हा मात्र माणसं मंडपात मावेनात.

महिन्याभरानं चांगुणाबाईंनी माहिती अधिकारात कागद काढले. दोन ऑक्टोबरची ग्रामसभा, हजर एकशे अठरा, मैदानाचा ठराव एकमतानं मंजूर. सोबत फोटो, त्यात सगळ्यांचे हात वर. पहिल्या ओळीत सात ताजी मुंडन केलेली डोकी, कडेचं त्यांच्या दिराचं, भागवतचं, आणि त्याला खेटून एक पांढरी टोपी. प्रवचन संपताना 'पुंडलिक वरदे' म्हणून लोकांनी हात वर केले होते, ते मतं म्हणून मोजले होते. वाल्मिकच्या दहाव्याला आलेल्या माणसांनीच वाल्मिकला हरवलं, असं तो कागद म्हणत होता. चांगुणाबाईंच्या डोळ्यांतलं पाणी तिथंच आटलं.

पंचायत समितीतल्या साहेबांपुढं त्यांनी कागद आपटला. साहेब म्हणाले, "झेरॉक्सवर काय दिसतंय, बाई? टक्कल कुणालाही असतं."

"सात जनांना एकाच दिशी पडलं व्हय?"

"पुढच्या सभेचा पुरावा आणा, किती जमतात बघू. मोबाईलचा फोटो नको. मागं एकानं आणला होता, सगळे कोळशासारखे काळे."

दोन शेळ्या बाजारात गेल्या आणि चांगुणाबाई एसटीनं श्रीरामपूरला, फक्रुद्दीनभाईंच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात. त्यांनी काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले, एक पिवळ्या पट्ट्याचा, एक लाल.

"अंधारा मंडप हाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "या भिंतीपास्नं त्या भिंतीपर्यंत मानसं अन् हरेकाचं तोंड वळखू आलं पायजे."

"लग्नाचं काम दिसतंय, ताई."

"लग्नच म्हना. सरपंचाचं लावायचंय."

फक्रुद्दीनभाई हसले. मागच्या अंधाऱ्या खोलीतल्या खोक्यांचे त्यांनी दोन्हींनी फोटो काढले आणि मोठे करून दाखवले. खोक्यांवरची अक्षरं दोन्हींत वाचता येत होती. "नव्या माणसाला दोन्ही सारखेच. मेगापिक्सेलचं मनावर घेऊ नका. पण पिवळा न्या. आवाज कमी करायची सोय आहे, कीर्तनात कुणाला कळत नाही." त्यांनी बटण दाबलं, किड्यानं लाकूड कुरतडावं एवढाच आवाज. "हा लाल जुना. जरा बोंबलतो."

चांगुणाबाईंनी लाल पट्ट्याचा कानाशी धरला आणि तीनदा दाबला. खटाक, खटाक, खटाक.

"ह्योच द्या."

"अहो, समोरचा सावध होतो ना."

"व्हऊ दे. भ्यालेलाच बघायचाय मला."

दोन महिने त्यांनी कोंबड्या, चूल, भागवतची म्हैस, दिसेल ते टिपलं. आधी सगळं हललेलं, मग म्हशीचे केस न् केस दिसायला लागले.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला मंडपात बत्तीस माणसं होती. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं. पहिला विषय, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं. चांगुणाबाई ओट्यावर चढल्या. फ्लॅश चमकला, खटाक. मग एकेक ओळ. एकानं टोपी तोंडावर ओढली.

काकासाहेब माईकवरून म्हणाले, "वहिनी, स्टुडिओ काढला का काय? आमचाबी एक काढा."

"तुमच्यासाठीच आनलाय." त्या भाऊसाहेबांच्या पाठीमागं उभ्या राहिल्या, कॅमेरा थेट रजिस्टरवर. "ल्ह्या. हजर बत्तीस."

भाऊसाहेबांनी सरपंचाकडं पाहिलं. खटाक. पेन उचललं. खटाक. भर जानेवारीत त्यांच्या मानेवर घाम आला. त्यांनी बत्तीस लिहिलं, आणि खाली लिहिलं, माणसं अपुरी, सभा तहकूब, इतिवृत्त कायम झालं नाही.

"तहकुबीच्या सभेलाबी मी हाये," चांगुणाबाई म्हणाल्या.

काकासाहेबांचा आवाज मऊ झाला. "झालं गेलं, वहिनी. वाल्मिक माझा बालमैतर. दहाव्याला मी भागवतला खेटून बसलो हुतो, साऱ्या गावानं बघितलंय."

चांगुणाबाईंनी पदराआडून झेरॉक्स काढली आणि त्यांच्या नाकाशी धरली. "मग ह्यो भागवतला खेटून कोन बसलाय? ग्रामसभेला सरपंच खाली बसतो का रं?"

मंडपात कुणी हसलं, मग बरेच हसले. भागवत उठून उभा राहिला. "सांगा की सरपंच, फोटू कशाचा हाय."

"दहाव्याचा," काकासाहेब म्हणाले. माईक चालूच होता.

खटाक.

घरी आल्यावर चांगुणाबाईंनी तो फोटो मोठा केला. काकासाहेबांचं तोंड उघडं, डोळे जमिनीकडं. पिठात हात घालायच्या आधी त्यांनी तो पुन्हा पाहिला आणि पोट भरल्यासारख्या हसल्या.