खरवडलेली तोंडं

आमच्या कफीलला, म्हणजे अरब मालकाला, फोटोंचा भारी नाद. खाणीच्या गावात पहिलं दुकान त्याचं, पहिला पाण्याचा टँकर त्याचा, बर्फाचं मशीनही त्यानंच आणलं. नवीन काही आणलं की त्याच्यापुढं घरच्यांना उभं करायचा आणि फोटो काढायचा. टँकरपुढं बायको, जनरेटरपुढं बायको, बर्फाच्या लादीपुढंही बायको. ती हसायची, मला म्हणायची, "उद्या बकरा आणला तरी मला त्याच्याशेजारी उभी करील."

गाव म्हणजे काय, मदिन्याच्या खालच्या डोंगरात सोन्याची खाण आणि पायथ्याला थोडी घरं. आम्ही नवरा-बायको जोडीनं गेलो. हा टँकरवर, मी घरकामाला. माझा मुलगा अजून चालायला शिकत होता, त्याला कोकणात खाडीवर सासूजवळ ठेवला होता. सोनं मी कधी डोळ्यानं बघितलं नाही, धूळ बघितली. दुपारी सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी आपोआप सरकायची. पाणी खारट, त्यात डाळ शिजायची नाही. शिजेल तशी खायची. रडून कोणाला सांगणार?

कफीलच्या बायकोला मुलगी झाली. मुलगी रांगायच्या आतच आईला ताप भरला. दवाखाना लांब, रस्ता कच्चा. माझ्याच माणसानं तिला टँकरच्या केबिनमध्ये बसवून नेलं, शेजारी कफील. परत आले ते दोघंच आले.

मेलेल्या बाईचे कपडे गरिबाला द्यायचे. आमच्याकडं तसंच, तिकडंही तसंच. तिचे झगे मला दिले. एक काळा होता, छातीवर शिशाचे मणी शिवलेले. तो घातला की मुलगी रडायची थांबायची, मणी तोंडात घ्यायची. म्हणून मी तोच घालायला लागले.

एका दुपारी कफील कॅमेरा घेऊन आला. बाई गेल्यापासून त्यानं तो हातात धरला नव्हता. मला म्हणाला, "दारात उभी राहा. मुलीला घे."

मी माझ्या माणसाकडं बघितलं. तो म्हणाला, "अगं, फोटो काढतोय, खात नाही तुला. यल्ला, हो उभी."

उभी राहिले. कफील म्हणाला, "तशी नाही. डाव्या हातावर घे." घेतली. "मान जराशी खाली. भार एका पायावर टाक." मी टाकला. "अजून थोडं." असं करत करत मला त्यानं कुठंतरी नेऊन उभं केलं. ती माझी उभी राहायची तऱ्हा नव्हती. मग बटण दाबलं. कॅमेरा खाली घेतला आणि माझ्याकडं बघून हाक मारायला तोंड उघडलं. हाक काही मारली नाही. पुढं कधी त्याला फोटो काढताना मी बघितलं नाही.

मग त्याचा थोरला भाऊ आला. कडक माणूस. घरात बायकांची तोंडं लटकवायची नाहीत, म्हणाला. फोटोंचा पत्र्याचा डबा उघडायला लावला. थोरला बसून बघत होता, खरवडत कफील होता, खिळ्यानं. एकेक फोटो मांडीवर घ्यायचा आणि तोंड तेवढं काढून टाकायचा. तो आवाज मला अजून दातांत येतो. नंतर केर मी काढला. कागदाची बारीक बारीक सालं होती, काही पांढरी, काही काळी.

मुलगी बोलायला लागली तेव्हा आम्ही तिथून निघालो, जेद्द्याला आलो. माझा माणूस इथंच वारला. मुलगा मोठा होऊन इथल्या हॉस्पिटलात लागला, मी त्याच्याकडं. कफीलची ती मुलगी फोन करते, मला मावशी मानते. "खाला, कशी आहेस?" एवढंच, ईदला. तिला सावत्र आईनं वाढवलं. जुनी माणसं आता कोणी उरली नाहीत. गेल्या वर्षी कफीलही गेला.

परवा ती स्वतः गाडी चालवत आली. तो पत्र्याचा डबा काखेत, आणि एक मोठी फ्रेम.

म्हणाली, "खाला, बाबांच्या कॅमेऱ्यात रोल तसाच राहिला होता. धुवायला दिला. बाकी सगळं काळं आलं, एकच आला. माझ्या आईचं तोंड! हॉलमध्ये लावलाय. मुलं येता-जाता म्हणतात, अल्ला तिच्यावर रहम करो."

तिनं फ्रेम माझ्या मांडीवर ठेवली. दार, काळा झगा, डाव्या हातावर मूल. मान जराशी खाली.

"बाय," मी म्हटलं, "ही मी आहे."

ती हसली. "खाला, तू तर एवढीशी!"

"तेव्हा नव्हते. झगा तिचा आहे. तोंड माझं आहे."

तिचं हसणं हळूहळू गेलं. माझ्याकडं बघितलं, फ्रेमकडं बघितलं, परत माझ्याकडं. मग डबा उघडून सगळे फोटो सतरंजीवर मांडले. टँकर, जनरेटर, बर्फ. तोंडांच्या जागी पांढरे ओरखडे.

"यातली ती कुठली?"

मी बोट ठेवलं. तिची करंगळी जरा वाकडी होती, ती ओळखू आली.

"कशी होती दिसायला? तुझ्याशिवाय आता कोणालाच माहीत नाही, खाला."

मी डोळे मिटले. रोज बघितलेली बाई. एका ताटात जेवलेली. नाक आठवायला गेले तर माझं नाक. डोळे आठवायला गेले तर त्या फ्रेममधले. ती फ्रेम बघायच्या आधी विचारलं असतं तर सांगता आलं असतं का, तेही आता कळत नाही. जी येते ती मीच येते, मान जराशी खाली करून.

"येत नाही," मी म्हटलं. "दुसरं काही विचार."

तिनं फोटोतल्या त्या करंगळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आवाज?"

आवाज होता. संध्याकाळी गच्चीवर जाऊन ती शेळ्यांना हाक मारायची, आधी बारीक, मग लांब, डोंगरापर्यंत. मी कधी तशी मारली नव्हती. तोंड उघडलं आणि मारली.

स्वयंपाकघरातून सून ओरडली, "अम्मा, आणखी कोण आलंय? कप किती ठेवू?"

आम्ही दोघी हललो नाही. मुलीनं हळूच मोबाईल काढून माझ्यापुढं धरला.

"परत, खाला."

परत मारली. या वेळी म्हातारीची हाक निघाली, कफ अडकलेली, कोकणातली. ही माझीच, मला कळलं. तिसऱ्यांदा मारली, तीही तशीच.

तिनं तीच मोबाईलमध्ये भरून घेतली. घरी मुलांना ऐकवायला.