वागिमिनची पश्चिम

सुकोरेजो गावात दोन मशिदी आहेत आणि दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या आहेत. जावा बेटावरून ऊसमळ्यांवर राबायला आणलेल्या माणसांनी पहिली बांधली. जावाहून मक्का पश्चिमेला, म्हणून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामात उतरल्यावरही त्यांनी पश्चिमेकडेच तोंड केलं. पुढे त्यांची पोरं शाळा शिकली, नकाशे बघायला लागली आणि कुणीतरी म्हणालं, अहो, इथून मक्का पूर्वेला आहे, आपण उलटे बसलोय! झालं. अर्ध्या गावाने तोंड फिरवलं, अर्ध्याने नाही. घरोघरी वाद झाले, सोयरिकी मोडल्या, एका लग्नात तर सुपाचं पातेलं भर मांडवात उलटं झालं. आता ते सगळं निवलंय. उरलीय ती थट्टा.

वागिमिन पश्चिमवाला आणि त्याचा जिवाभावाचा मित्र सामिदी पूर्ववाला. दोघांनी साखर कारखाना बंद पडेपर्यंत एकाच पाळीत काम केलं, एकाच दिवशी घरी बसले. सामिदी रोज सकाळी गाणाऱ्या पाखराचा पिंजरा घेऊन वागिमिनच्या ओट्यावर येतो आणि कॉफी पिता पिता तेच ते बोलतो.

"तुझी पाठ मक्केकडे, वागिमिन. तुझा अर्ज वर पोचायचा कसा?"

"पृथ्वी गोल आहे लेका. लांबून जाईल, पण पोचेल."

वागिमिनच्या बापाला हाच प्रश्न कुणी विचारला तर तो एवढंच म्हणे, "वाटेत माझी आई आहे." जहाजात चढताना तिला धक्क्यावर सोडलं ते शेवटचं. वागिमिनला लहानपणी हे म्हाताऱ्याचं काहीतरीच वाटे. तो बापाशेजारी बसायला शिकला म्हणून पश्चिमेकडे बसला. बाप गेला तरी तिकडेच बसत राहिला, आणि बायको पाइनेम गेली तेव्हा तिलाही त्याने पश्चिमेकडे तोंड करूनच मातीत ठेवलं. दर गुरुवारी संध्याकाळी तो तिच्या कबरीवर फुलं टाकायला जातो. त्यात खंड नाही.

त्याची एकुलती एक लेक रुमिनी गावच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिने लग्न केलं ते शरवनशी, म्हणजे भारतातून मळ्यांवर आणलेल्यांच्या वंशातल्या, हिंदुस्तानी माणसाशी. दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली आणि नातवंड झाल्यावर दोन्हीकडच्यांची नाकं आपोआप सरळ झाली. नातीचं नाव पंडिताने विद्या काढलं, वागिमिनने सारिनी ठेवलं आणि भांडण नको म्हणून शाळेत मेलिसा घातलं. घराच्या अंगणात बांबूवर हनुमानाचा लाल झेंडा, आत पश्चिमेकडे अंथरलेली चटई, आणि चुलीवर आज जावानी सावतो सूप तर उद्या डाळपुरी. या गावात कुणाला त्याचं काही वाटत नाही. निम्मं गाव असंच आहे.

पण गाव रिकामं होत चाललं होतं. शरवन होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. होड्याच विकल्या गेल्या, तर इंजिनं कुठली? मेलिसाचा गणिताचा मास्तर देश सोडून गेला, मग त्याच्या जागी आलेला मास्तरही गेला. दवाखान्यात डॉक्टर असे तेव्हा औषध नसे, औषध असे तेव्हा डॉक्टर नसे. शेवटी एका रविवारी खांबांवर उभ्या घराखालच्या सावलीत सगळे बसले. जायचं हे ठरलेलंच होतं. कुठे, एवढाच प्रश्न होता.

"हेग," शरवन म्हणाला. "माझा भाऊ तिथे हॉलंडात आहे. गॅरेजात काम पक्कं आहे, कागदपत्रांसाठी त्याने वकीलसुद्धा धरलाय. मेलिसाची शाळेतली डच भाषाही तीच राहील. आणि तिथे सगळं मिळतं. रोटी, साड्या, पंडित."

"तुला मिळेल सगळं," रुमिनी म्हणाली. "तुझी वहिनी फोनवर मला 'चिनी' म्हणते."

"लाडाने म्हणते गं."

"मी तिला लाडाने काय म्हणते, सांगू?"

वागिमिन टांगलेल्या झोळीत पडल्या पडल्या हसला. मग म्हणाला, "जावाला का नाही जायचं?"

"पाक, अहो, तुमचेच काका गेले होते ना परत?" रुमिनी बापाला पाक म्हणे. "तिथे त्यांना मरेपर्यंत 'सुरिनामवाला' म्हणून हाक मारली. तुम्हीच सांगता की."

ते खरं होतं.

"कायेन," रुमिनी म्हणाली. "नदी ओलांडून फ्रेंच गयानात शिरलं की आलं. तिथेही आपली जावानी माणसं आहेत. दोन महिन्यांनी एकदा गावाकडे येता येईल."

"आणि फ्रेंच कोण बोलणार?" शरवन म्हणाला. "मला त्यांच्या भाषेत नमस्कार येतो. पुढचं इंजिन बोलेल का?"

मेलिसा इतका वेळ पायरीवर बसून नखं खात होती. ती म्हणाली, "मला एक सांगा. तिथे कुणी विचारलं, तू कोण, तर मी काय सांगायचं? इथे कुणी विचारत नाही."

मोठी माणसं अशा वेळी करतात तेच सगळ्यांनी केलं. तिला पाणी आणायला पाठवलं.

शरवनला वाटलं, सासऱ्याला पटवलं की काम झालं. त्याने झाडाचा पपनस तोडला, खिशातलं पेन काढलं आणि सालीवर ठिपके द्यायला सुरुवात केली. "हे आपण. हे इकडे वर, समुद्राच्या पलीकडे, हेग. ही मक्का. ही तुमची जावा, पार मागे. आता बघा पाक, हेगहून मक्का पडते या अंगाला, दक्षिण-पूर्वेला. तिथे पूर्ववाले-पश्चिमवाले हे भांडणच नाही. सगळे एकाच बाजूला बसतात. कटकट मिटली!"

तो बिचारा चांगल्या मनाने बोलला. पण वागिमिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जन्मभर सामिदीने सांगितलं, मी फिरलो नाही. इमामाने सांगितलं, फिरलो नाही. आणि आता लाकडं मसणात गेल्यावर माझं तोंड फिरवायला जावईबापू आले?"

"पाक, मी तसं..."

"झालं!" रुमिनी उठली. "कायेनला जायचं. पाकना सोडून मी कुठेही जाणार नाही आणि त्यांचं मन मोडून तर नाहीच. विषय संपला. पुढच्या रविवारी स्लामेतान घालू, दुआचं जेवण, आणि गावाला सांगून टाकू."

ती वर स्वयंपाकघरात गेली. वागिमिनला तिच्या पावलांवरून कळलं की ती रडत नाहीये, आणि त्याचीच त्याला भीती वाटली. पाइनेम आजारी पडली त्या वर्षी रुमिनीला हॉलंडात नर्सिंग शिकायची जागा मिळाली होती. तिने कपडे बॅगेतून काढून परत कपाटात ठेवले होते ते असेच, न रडता. तेव्हा आईसाठी राहिली. आता बापासाठी. कायेन तिला हवंच नव्हतं. बापाला आईच्या कबरीपासून फार लांब न्यायला नको, एवढ्यासाठी तिने ते नाव काढलं होतं.

वागिमिनला हे लख्ख दिसलं आणि तो स्वतःवरच चिडला. उठून सांगावं, चल पोरी, हेगला जाऊ? पण रुमिनीपुढे खोटं टिकत नसे. तिने नुसतं तोंडाकडे बघून विचारलं असतं, "पाक, खरंच?" आणि तो उघडा पडला असता. तिला पाठवायचं तर त्याला खरोखर जावंसं वाटायला हवं होतं. ते कुठून आणायचं?

आठवडाभर तो घुम्यासारखा वागला. पपनस कुणाला कापू देईना. सामिदीने विचारलं, "ह्याला काय बारसं करून नाव ठेवायचंय?" तर त्याने तो उचलून पिशवीत टाकला. मग सामिदी नेहमीच्या सवयीने म्हणाला, "कायेनला जातोयस ते बरं. हॉलंडात तू तोंड कुठे केलं असतंस? वारा येईल तिकडे?" वागिमिनने त्याची कॉफी अर्धी असतानाच कप उचलला. सामिदी पिंजरा घेऊन निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी आला नाही.

गुरुवारी वागिमिन फुलं घेऊन पाइनेमकडे गेला. पिशवीत पपनसही होता. फुलं टाकली, गवत उपटलं, पायांशी बसला. "तुझी लेक पुन्हा बॅग रिकामी करतेय," त्याने बायकोला सांगितलं. "या वेळी माझ्यामुळे."

मग काही सुचेना म्हणून त्याने पपनस हातात घेतला आणि शरवनच्या हेगवर अंगठा ठेवला. इथे बसलो समजा. सगळे तिकडे तोंड करून बसले आणि मी आपला हट्टाने पश्चिमेकडे. मग काय लागेल? अंगठा सालीवरून सरकला. समुद्र. समुद्र. थोडा डावीकडे कलला, आणि निळ्या ठिपक्यावर थांबला. सुरिनाम. म्हणजे हे गाव. म्हणजे ही कबर, हे गवत, तो बसला होता ती जागा.

मग अंगठा पुढे नेला. डोंगर, पुन्हा समुद्र, मोठा समुद्र, आणि जावा. बापाची आई. त्याच्याही पुढे मक्का.

"वाटेत माझी आई आहे." बाप हट्टी नव्हता तर. त्याला मक्का कुठे आहे ते पक्कं ठाऊक असणार. तो लांबच्या वाटेने जात होता, कारण त्या वाटेवर त्याचं माणूस होतं. वागिमिन इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसला आणि त्याला हे आज कळलं. तो पाइनेमच्या पायांशी बसून मोकळेपणी रडला. बऱ्याच दिवसांनी त्याला हलकं वाटलं.

रविवारी स्लामेतान झालं. चटया अंथरल्या, मध्ये भाताचा सुळका, भोवती कोंबडी, अंडी, शेंगा. शरवनच्या माणसांकडून डाळीचे वडे, बारे, तळून आले होते. गावातले बाप्ये गोल बसले, पूर्वेचेही आणि पश्चिमेचेही, कारण जेवणाला दिशा नसते. सामिदीही आला होता, पण लांब, दाराशी बसला. रीत अशी की दुआ पढण्याआधी यजमानाने हे जेवण कशासाठी ते सगळ्यांसमोर बोलून सांगायचं. एकदा बोललं की ते बोललं. गाव साक्षी, वाडवडील साक्षी, मागे घेता येत नाही.

वागिमिन उठला. "माझी लेक, जावई, नात आणि मी," तो म्हणाला, "हेगला जायचं म्हणतोय. वाट सुखाची होवो म्हणून हे जेवण."

आत स्वयंपाकघरात झाऱ्याचा आवाज थांबला. बाप्ये बसलेले असताना बायका सहसा बाहेर येत नाहीत. रुमिनी झारा हातात घेऊनच बाहेर आली.

"पाक, कायेन म्हणायचं होतं तुम्हाला."

"मला काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक आहे."

"माझ्यासाठी खोटं बोलू नका. आत्ताच सांगते, मी जाणार नाही." आणि तिने बापाच्या तोंडाकडे बघितलं. "पाक, खरंच?"

वागिमिनने पिशवीतून पपनस काढला. आता तो सुकून सुरकुतला होता, पण ठिपके शाबूत होते. त्याने तिचा अंगठा धरून हेगवर ठेवला आणि पश्चिमेकडे ओढत नेला.

"ही बघ, पहिली तुझी आई लागते. इथे होतो तोवर तिच्या शेजारी बसून मी भलतीकडे बघत होतो. आता रोज पाच वेळा तिच्याकडे बघीन. मग पुढे माझी आजी लागते. मक्का कुठे पळून जात नाही."

रुमिनी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. खोटं शोधलं, सापडलं नाही. मग मात्र ती सगळ्या गावासमोर, झारा हातात धरून, भडभडून रडली.

शरवन वाकून पपनस बघत होता. "थांबा, थांबा. जावा झाली, आणि मक्केच्या आधी, हे मध्ये..." त्याने पेन काढून एक ठिपका दिला. "अहो, इथे आमच्या आज्याचं गाव! बिहार! पाक, तुमच्या नमाजाच्या वाटेत आम्हीपण लागतो की!"

"लागा की. वाट काय माझ्या एकट्याची आहे?" वागिमिन म्हणाला आणि नातीकडे वळला. "सारिनी, विद्या, मेलिसा, जी कोण असशील ती. तिथे कुणी विचारलं, तू कोण, तर आपल्या वाटेत कोण कोण लागतं ते सांगायचं. ऐकता ऐकता त्याची भाकरी करपेल."

मेलिसा हसली. बाप्ये हसले. म्हाताऱ्या बुजुर्गाने दुआ पढली, भाताचा सुळका मोडला आणि माणसं घरी न्यायच्या पुड्या बांधू लागली.

सामिदीने मात्र पुडी बांधली नाही. तो उठून आला, पपनस हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. त्याने सुरिनामवर अंगठा ठेवला आणि पूर्वेकडे सरकवला, मग परत आणला. दोनदा केलं तसं.

"वागिमिन."

"बोल. वाऱ्याचं काही बोलायचं राहिलंय का?"

"मी इथून पूर्वेकडे तोंड करणार. तू तिथून पश्चिमेकडे." त्याने पपनस वागिमिनच्या हातात ठेवला. "लेका, जन्मभर आपण पाठीला पाठ लावून बसलो. आता पहिल्यांदा समोरासमोर बसू."