मावसाजींच्या साबणाची हीट

साबणाचा तुकडा झिजून पापडाएवढा झाला की जग त्याला विसरतं. आमचे मावसाजी तिथून पुढे त्याच्यावर प्रेम करू लागतात. भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या, पोलाद कारखान्याच्या क्वार्टरांच्या त्यांच्या लायनीत एकाही घराचा असा तुकडा वाया जात नसे. सायकलला डबा लटकवून ते दारोदार हाक मारत, "वहिनी, स्क्रॅप आहे का?" आणि बायका हसत मोरीकडे वळत. गुलाबाचे, कडुनिंबाचे, कुणाच्या बाळाच्या आंघोळीचे, सगळे तुकडे त्या डब्यात गुण्यागोविंदानं नांदत.

उभा जन्म पोलाद वितळवण्यात गेलेला, त्यामुळे रिटायर झाल्यावर काहीतरी वितळवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागेना. भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या पोलादाला प्लांटमध्ये 'हीट' म्हणतात. मावसाजींचीही दर रविवारी हीट निघे. किसलेले तुकडे, थोडं पाणी, मावशीचं लाडकं पातेलं, आणि गॅसपुढे हेल्मेट घालून उभे मावसाजी! भट्टीची ज्वाळा बघायची निळी काच डोळ्यापुढे धरून ते साबणाची उकळी न्याहाळत. मग "टॅपिंग! हटा सगळे!" असं ओरडून बर्फीच्या ताटात ओतत. तेव्हा स्वयंपाकघरात बहुधा मी एकटाच असे.

एका दिवाळीला त्यांनी मला त्यातली ताजी वडी दिली. आंघोळ करून निघालो तो अंगाला लिंबाचा वास आणि कातडी घासलेल्या परातीसारखी. कुणीतरी भांडी घासायच्या वडीचा तुकडा डब्यात टाकला होता. मावसाजींनी माझा दंड हुंगला. "मिक्सिंग झालं. हीट ऑफ-ग्रेड गेली," ते हळहळले, आणि लगेच खुलले, "पन चमकून कसा राहिला बे तू!"

लायनीत साबणाचं कौतुक होई, पण मावशी त्याला शिवत नसे. तिची चंदनाची वडी वेगळ्या डबीत. "मी नाई लावत बाप्पा अख्ख्या लायनीच्या अंगाची साबन!" मावसाजींनी तिच्यासाठी हळद घातली, चंदन उगाळलं, पेढ्याच्या आकाराच्या वड्या पाडल्या. काही उपयोग नाही. हे त्यांना फार लागे. "घरच्या बाईनं हात लावला नाई, तर माल पास कसा म्हनू?" असं ते मला एकट्याला गाठून विचारत, आणि खरं सांगतो, मला मावशीचा रागच येई.

गेल्या वर्षी क्वार्टर ठेवायची मुदत संपली. मुलाकडे पुण्याला जायचं ठरलं. सामान बांधायला मी गेलो, तर मावशी शेवटच्या हीटच्या वड्या आपल्या जुन्या लुगड्यात एकेक करून गुंडाळत होती. मी म्हटलं, "मावशी, पुण्यात काय साबण मिळत नाही?"

"भेटते ना रे. पन तिथं दारावर गेलं तर तुकडा कोन देईन?"

हातातली वडी तिनं तशीच बाहेरच्या नळाखाली नेली आणि सावकाश हात धुतले. मग ओंजळ नाकाशी धरून बराच वेळ उभी राहिली. मावसाजी दारात आले. निकालाची वाट पाहणाऱ्या पोरासारखं त्यांनी हळूच विचारलं, "फेस येऊन राहिला ना?"

"मस्त येऊन राहिला," मावशी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, मावसाजी मात्र तोंडभर हसत होते. मी अजून त्याच अंगणात उभा होतो, आणि तरी मला त्या लायनीची आठवण येऊ लागली.