नातीच्या मानेतली नस

नातीच्या मानेवर थंडगार जेल लावून डॉक्टरीणबाई मशीन फिरवत होत्या. पोर गुदगुल्या होऊन खिदळत होती आणि मी त्या मशीनकडे संशयानं बघत होते. कोरं करकरीत दिसत होतं. नवं मशीन आणलं की ते कुणाला तरी लावावंच लागतं, असा माझा आपला समज. नात दहा वर्षांची, पण वजनात आईच्या बरोबरीला आलेली. शाळेच्या तपासणीत रक्तदाब जास्त निघाला, म्हणून सून आणि मी तिला इथं घेऊन आलो होतो.

"हिच्या मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत वयाच्या मानानं जाड झालीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताठही झालीय. पोर लहान, पण नस मोठ्या माणसाची."

"आमच्यात सगळ्यांच्याच माना जाड हाईत," मी म्हणाले.

सुनेनं माझा हात दाबला.

"आज्जी, मान नाही, आतली नस. आत्ता वजन आटोक्यात आणलं तर हे बरंचसं मागं फिरू शकतं. नाही आणलं, तर ऐन तरुणपणी हार्टचं दुखणं मागं लागायची भीती आहे."

आमच्या घरात हार्टचं दुखणं म्हणजे काय, ते मी बघितलंय. माझ्या नवऱ्याच्या छातीत दोन स्टेंट आहेत. पण ते बसवले तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. हिचे तर अजून दुधाचे दात पडतायत!

घरी आल्या आल्या सुनेनं फर्मान काढलं. गोड बंद, तळकट बंद, बेकरीचं बंद. मग फरसाणाचा डबा थेट माळ्यावर गेला आणि जाता जाता तिची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"माझ्याकडं काय बघतीस?"

"काही नाही, आई. फक्त बघतेय."

तिचं चुकत नव्हतं. घरात चोरून खाऊ घालणारी म्हणून माझंच नाव आहे. शिवाय हॉलमध्ये माझ्याविरुद्ध पुरावाच टांगलेला. माझा तरुणपणीचा फोटो. त्यात एक पंचविशीतली बया नऊवारीत ताठ उभी आहे आणि तिच्या काखेत माझा मुलगा, म्हणजे नातीचा बाप, लोण्याच्या गोळ्यासारखा बसलाय. सुदृढ बालक स्पर्धा, पहिला नंबर. पोराला ना मान दिसते ना मनगट, पण बयेचा तोरा बघा! जणू पोर जन्माला घातलं नाही, कुस्तीचं मैदान मारलं. वजन करायच्या आधी हिनं त्याला शिकरण चारलं होतं. शेजारीण "दमतंय हो लेकरू" म्हणाली, तर ही महामाया म्हणे तिची नजर लागली. आठवडाभर मीठ-मिरच्या ओवाळत होती. भेटली असती तर त्या बयेला मी आज अंगणाला चार फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

तर बंदी सुरू झाली आणि महिन्यानं पोरीचं वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. आता सुनेनं तोंड उघडलं.

"आई, खरं सांगा. तुम्ही देता ना?"

देवीशपथ, मी देत नव्हते. जन्मात पहिल्यांदा निर्दोष होते आणि कुणाचाच विश्वास बसत नव्हता. मग मीच चोर शोधायला लागले. माझ्या पोराच्या शर्टाचा वास घेतला. बापलेकी मिळून गाडीवर वडा तर खात नाहीत? वास फक्त पेट्रोलचा. नातीचं दप्तर उलटं केलं, तर पेन्सिलचा भुगा पडला. सुनेवरसुद्धा संशय घेतला, पण ती बिचारी स्वतःच उकडलेल्या भाज्यांवर आली होती.

मग एक गोष्ट ध्यानात आली. आमचे हे संध्याकाळी नातीला घेऊन रंकाळा तळ्यावर फिरायला जायचे. फिरून आलेल्या पोरीला भूक लागायला पाहिजे. ही मात्र अर्धी भाकरी खाऊन उठायची.

दुसऱ्या दिवशी दोघं बाहेर पडले आणि मी कोपऱ्यावरची रिक्षा गाठली.

"कुठं सोडू, आज्जी?"

"त्या दोघांच्या मागनं चल. पण हळू."

"सीआयडीत हाय काय तुम्ही?"

"सासू हाय. गप चालव."

ते रंकाळ्याकडं वळलेच नाहीत. सरळ दूध कट्ट्यावर गेले. तिथं रस्त्याकडेला म्हशी बांधलेल्या असतात. गिऱ्हाइकासमोर धार काढायची, फेसाळलेला ग्लास हातात द्यायचा, उभ्या उभ्या प्यायचा. कोल्हापूरच्या तालमीतल्या पैलवानांची ही जुनी सवय, आणि आमचे हे एके काळी तालमीत होते. नातीच्या हातात भला मोठा ग्लास होता आणि गवळी दुसरा भरत होता.

"हे काय चाललंय?" मी रिक्षातूनच ओरडले.

हे जरासुद्धा दचकले नाहीत. "ये, ये! तू पण घे की एक ग्लास."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"गोड बंद, तळकट बंद. ह्यात काय तळलंय? म्हस तळलीया व्हय?"

गवळी हसला. "आज्जी, दूध एकदम चोख हाय. पाण्याचा थेंब न्हाय."

"तेच तर दुखणं हाय, बाबा. पाणी घातलं असतंस तर उपकार झाले असते."

नातीच्या ओठावर फेसाची मिशी होती. ती हळूच म्हणाली, "आज्जी, मला दुसरा ग्लास नको असतो. पण आबा म्हणतात, त्यानं माझ्या नसा मऊ होतील."

मी यांच्याकडं बघितलं. हे म्हशीकडं बघायला लागले.

"सूनबाई म्हणली, पोरीच्या नसा ताठ झाल्यात," हे म्हणाले. "आमचं वस्ताद सांगायचं, आखडलेलं अंग दुधा-तुपानं सैल पडतं. म्हणून एकाचं दोन केलं."

म्हणजे चोरी नव्हतीच. हा औषधोपचार चालला होता. मला हसू आलं.

"तालमीत दूध पिऊन तुम्ही जोर-बैठकांत घामाची आंघोळ करत होता," मी म्हणाले. "ही दूध पिऊन काय करती? टीव्हीपुढं बसती. आणि एक सांगा, इतकी वर्षं पिलंसा की, तुमच्या नसा का न्हाय सैल पडल्या?"

यांचा हात शर्टाच्या खिशावर गेला. मग नातीच्या हातातला ग्लास काढून गवळ्याला परत दिला.

"तिला पण असलं घालायला लागंल काय गं छातीत?" त्यांनी मला कानाशी विचारलं.

"म्हणून तर आलोय तुमच्या मागनं," मी म्हणाले आणि रिक्षा सोडून दिली. घरापर्यंत तिघं चालत आलो. नात पुढं, आम्ही दोघं धापा टाकत मागं.

त्यानंतर खरोखरच रंकाळा सुरू झाला. मीही बरोबर जाते. विश्वास नाही, म्हणून जाते. नात आता चालता चालता पळायला लागते आणि हे "सावकाश!" म्हणून ओरडतात.

पुढच्या तपासणीला यांनी स्वतःहून टोपी घातली आणि आमच्याबरोबर निघाले. डॉक्टरीणबाईंनी नातीच्या दंडाला पट्टा गुंडाळला. पट्टा फुगत गेला तसे हेही श्वास कोंडून बसले.

"रक्तदाब पहिल्यापेक्षा उतरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वजन वाढायचंही थांबलंय. नस परत बघू, पण तिला वेळ लागेल. असंच चालू ठेवा."

सुनेचे डोळे भरले. यांनी श्वास सोडला. माझा मात्र जीव भांड्यात पडेना. एवढं सहज चांगलं ऐकू आलं की मला संशय येतोच.

"बाई," मी म्हणाले, "दुसऱ्या हाताचंबी बघा की एकदा."

सून कपाळाला हात लावणार, तेवढ्यात नातीनं आपणहून दुसरी बाही वर केली.