अबाउट टाइम

लीलाकाकू नसत्या तर मी अजून टोमण्यालाच थँक्यू म्हणत राहिले असते.

बंगळुरूच्या या ऑफिसात मी चहा नेला की मॅडम म्हणायच्या, "अबाउट टाइम!" माझी शाळा सातवीतच सुटली. मला वाटायचं, वेळेवर आलीस म्हणतायत. मी थँक्यू म्हणायचे, सगळे हसायचे, मीही हसायचे.

काल ऑफिसात झाडू मारता मारता काकू थांबल्या; इथलं इंग्रजी ऐकून ऐकून त्यांना कळायला लागलंय. "अगं खुळे, 'उगवलीस का एकदाची' म्हणतात त्या."

अंगाची आग झाली. आपल्याकडे 'आल्या महाराणी' म्हटलं की निदान टोचतं तरी. हा टोमणा शाबासकीसारखा गोड! आता कुणी चांगलं बोललं तरी धास्ती वाटते. इतके शिकलेले लोक, एकालाही मला अर्थ सांगावासा वाटला नाही?

ही भाषा मी शिकेनच. काकूंना कुणी असं हसलं, तर त्याच भाषेत त्याला गप्प करीन.